हळदीवरचा आळ

शैलेंद्रला बंदुकीपेक्षा काडतुसांचाच नाद जास्त लागला होता. ट्रॉय शहरातल्या ज्या कंपनीत तो गाड्यांच्या ब्रेकचं काम बघायचा, तिथलाच एक निवृत्त टूलमेकर, रॉन नोवाक, त्याला पहिल्यांदा शूटिंग रेंजवर घेऊन गेला. ग्रीन कार्ड हातात पडल्यावर शैलेंद्रने एक रायफल घेतली. अधूनमधून शनिवारी जाऊन कागदी निशाणावर गोळ्या झाडून यायचा. पण त्याचं मन रमलं ते रॉनच्या गॅरेजमध्ये. झाडून झालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या रॉन गोळा करून आणायचा, चकचकीत करायचा आणि हाताने दाबायच्या प्रेसवर एकेक पुंगळी चढवून तिच्यात ठिणगी पाडणारा नवा प्राइमर, तोलून घेतलेली दारू आणि वर नवी गोळी बसवायचा. केसाएवढाही फरक चालायचा नाही. दिवसभर मीटिंगांमध्ये बडबड ऐकून विटलेल्या शैलेंद्रला ते काम बघताना जे बरं वाटलं, ते त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

घरी त्याने विषय काढला तेव्हा त्याची बायको सीमा आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, "खोलीला कुलूप हवं. इला आता दीड वर्षाची आहे, घरभर पळते. आणि आग-स्फोट असलं काही मला घरात नकोय."

"एवढंच ना?" तो म्हणाला.

बेसमेंटमध्ये फर्नेसच्या शेजारी एक बिनखिडकीची खोली होती, रिकाम्या खोक्यांनी भरलेली. उन्हाळाभर त्याने तीच खोली लावली. जाड लाकडाचं टेबल भिंतीला बोल्ट मारून पक्कं केलं, त्यावर प्रेस बसवली. दारूचे डबे एका कपाटात, प्राइमर त्याच्यापासून लांब दुसऱ्या कपाटात, दोन्हींना कुलपं. दाराला नंबरचं लॉक. दाराबाहेर आग विझवायचं नळकांडं. भिंतीवर भोकांची फळी ठोकून प्रत्येक हत्याराची बाह्याकृती मार्करने काढली, म्हणजे एखादं जागेवर नसलं तर लगेच कळावं. पुंगळ्यांसाठी लोणच्याच्या काचेच्या बरण्या धुऊन घेतल्या आणि त्यांवर चिठ्ठ्या लावल्या: न धुतलेल्या, धुतलेल्या, मापून झालेल्या.

ऑक्टोबरमध्ये सांगलीहून सासूबाई आल्या, तेव्हा त्याने मोठ्या हौसेने त्यांना ती खोली दाखवली. मालिनीताई शाळेतून निवृत्त झालेल्या. जावयाला अहो-जाहो करणं त्यांना सुरुवातीपासून जमलं नव्हतं आणि त्यालाही ते आवडलं नसतं. दारात उभं राहून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली.

"देवघरसुद्धा इतकं नीटनेटकं नसतं रे," त्या म्हणाल्या. "पण हे सगळं गोळ्या बनवायला?"

"निशाणावर मारायला, आई. फक्त कागदाला भोकं पाडतो."

"कागदाला भोकं पाडायला एवढा थाट!" त्या हसल्या आणि इलाला कडेवर घेऊन वर गेल्या.

एका गोष्टीबद्दल रॉनने त्याला बजावलं होतं. पुंगळ्या साफ करायचं यंत्र म्हणजे एक थरथरणारं भांडं. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुसा आणि काळवंडलेल्या पुंगळ्या घालून ते तासन् तास चालू ठेवायचं. "हे घरात लावू नकोस," रॉन म्हणाला होता. "प्राइमर जळतो ना, त्यात शिसं असतं. ते या धुळीत उतरतं. गॅरेजमध्ये लाव, दार उघडं ठेव, हात धू, शर्ट बदल. तुझ्या घरात लहान मूल आहे."

शैलेंद्रने ते पाळलं, थंडी पडेपर्यंत. नोव्हेंबरअखेर गॅरेजमध्ये उभंसुद्धा राहवेना, तेव्हा त्याने यंत्र उचलून आत खोलीत आणलं. दार लावलेलंच असतं, असं त्याने स्वतःला सांगितलं. भुसा चाळताना धूळ भुरभुर उडायची; तो ती फडक्याने झटकायचा. काम करताना अंगात एक करडी हूडी असायची. तीच घालून तो वर यायचा, आणि पायऱ्यांच्या तोंडाशी वाट बघत बसलेली इला "बाबा" म्हणून हात पसरायची. त्याच्या खांद्यावर डोकं टाकून, हूडीची नाडी तोंडात धरून चोखत ती झोपून जायची. ती दुसऱ्या कुणाकडे तशी झोपत नसे. सीमा म्हणायची, "नाडी घाण आहे, काढ," आणि तो म्हणायचा, "झोपू दे गं."

जानेवारीत इला दोन वर्षांची झाली तेव्हा नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी तिच्या बोटातून रक्त घेतलं. काही दिवसांनी क्लिनिकमधून फोन आला, की रक्तात शिसं निघालंय, पुन्हा दंडातून रक्त घेऊन खात्री करू. खात्री झाली. आकडा भीतिदायक नव्हता, पण दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात असायला नको तेवढा होता.

"शिसं?" सीमा म्हणाली. "शिसं कुठून येणार?"

त्या एका क्षणात शैलेंद्रला कळलं. कळलं म्हणजे, डोळ्यांसमोर ती नाडी आली. पण आज बोलू, उद्या बोलू, आधी नीट खात्री तर होऊ दे, असं म्हणत त्याने तो क्षण जाऊ दिला.

काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातल्या नर्सचा फोन आला तेव्हा तिघंही स्वयंपाकघरात होते. सीमाने फोन स्पीकरवर टाकला. नर्स मऊ आवाजात एकेक विचारत गेली. घर जुनं आहे का, रंगाचे पोपडे निघतात का? नाही, घर नवं आहे. परदेशातून आणलेले मसाले वापरता का? हळद? कुंकू? पितळेची भांडी?

सीमाने वर बघितलं. मालिनीताई गॅससमोर उभ्या होत्या, हातात इलाच्या वरणाचा डाव.

"हळद," सीमा फोनमध्ये म्हणाली. "माझ्या आईने आणली आहे. इंडियाहून."

हळदीत कधीकधी रंगासाठी शिशाची भेसळ सापडते, नर्स म्हणाली. नमुना पाठवा, तपासून घेऊ. मग तिने शेवटचा प्रश्न विचारला. घरात कुणाचा शिशाशी संबंध येईल असं काही काम किंवा छंद?

सीमाने शैलेंद्रकडे पाहिलं. तिला फार काही विचारायचं नव्हतं; उत्तर ठाऊक असल्यासारखीच ती बघत होती.

"मी कधीतरी रेंजवर जातो," तो म्हणाला. "पण सामान सगळं बंद खोलीत असतं. लॉक केलेलं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. नंतर त्याला तेच सगळ्यात जास्त टोचलं.

फोन ठेवल्यावर सीमाने मसाल्याचा डबाच उचलला आणि कचऱ्याच्या पिशवीत उपडा केला. मागून बरणीतली हळद गेली, कुंकवाची डबी गेली, इलाला खीर भरवायची पितळी वाटी गेली.

"अगं, ती बाजारची नाहीये," मालिनीताई म्हणाल्या. "पेठेत जाऊन एकेक हळकुंड निवडून आणलं. माझ्यासमोर दळून घेतली."

"त्या गिरणीत आधी काय दळलं होतं, तुला माहीत आहे का? शंभर वेळा सांगितलं आई, इथे सगळं मिळतं, काही आणू नकोस. पण तुझी हळद म्हणजे! माझ्या मुलीच्या रक्तात गेलंय ते. मेंदूवर परिणाम होतो त्याचा, कळतंय का तुला?"

 मालिनीताईंनी गॅस बंद केला. वरण तसंच राहिलं.

"सीमा, जाऊ दे ना," शैलेंद्र म्हणाला. "आईंनी काय मुद्दाम केलंय?"

मालिनीताईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांत त्याच्याबद्दल कृतज्ञता होती. शैलेंद्र पाणी प्यायच्या निमित्ताने सिंककडे वळला.

सीमाने हळद, कुंकू आणि वाटी पिशवीतून काढून तपासणीला पाठवून दिली, आणि ट्रॉयमधल्या मराठी आयांच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. आईने आणलेली हळद, इलाचा रिपोर्ट, प्लीज सगळ्यांनी घरची हळद टाकून द्या. मालिनीताईंनी येताना चार घरी पुड्या वाटल्या होत्या. त्या सगळ्या कचऱ्यात गेल्या. "बिचाऱ्या काकू," असंही दोघी-तिघींनी लिहिलं.

त्यानंतर मालिनीताई इलाला भरवेनात. ती आपली वाटी घेऊन आली की म्हणायच्या, "आईकडे जा हं बाळा." तिला उचलण्याआधी साबणाने हात धुवायच्या, आणि धुतल्यावरही उचलायच्या नाहीत. कपाळाला कुंकवाऐवजी टिकली आली. एकदा शैलेंद्रने पाहिलं, त्या सोफ्यावर बसून स्वतःच्या बोटांच्या पेरांकडे बघत होत्या. हळदीचा पिवळेपणा तिथे वर्षानुवर्षं मुरलेला होता.

तो रोज ऑफिसला जाताना ठरवायचा, आज संध्याकाळी सांगायचं. आणि रोज परतताना त्याच्या मनात एक घाणेरडी इच्छा यायची: त्या हळदीत शिसं निघू दे. निघालं तर मी सुटलो. थोडं निघालं तरी पुरे. सासूबाईंच्या हातची हळद विषारी निघावी म्हणून आपण देवाला साकडं घालतोय, हे लक्षात आल्यावर त्याने एकदा हायवेवरून गाडी बाजूला घेतली होती.

बोलण्याऐवजी त्याने सफाई काढली. सीमा इलाला घेऊन मैत्रिणीकडे गेली होती आणि मालिनीताई वर पडल्या होत्या. त्याने थरथरणारं यंत्र गॅरेजमध्ये नेऊन ताडपत्रीखाली दडवलं. हूडी कचऱ्यात टाकली. घरातला व्हॅक्यूम खाली आणला आणि खोली, खोलीबाहेरचं कार्पेट, पायऱ्या, सगळं कोपरान् कोपरा ओढून काढलं. इतकं नीट, की भिंतीवरच्या आकृत्या पुसायच्या तेवढ्या राहिल्या. पहिल्यांदाच त्याला हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सीमा तोच व्हॅक्यूम दिवाणखान्यात फिरवत होती आणि इला मागून पळत होती. व्हॅक्यूमच्या मागून बारीक गरम हवा सुटत होती आणि तिच्यात हात घालून इला खिदळत होती. शैलेंद्र पायरीवर उभा होता. साध्या व्हॅक्यूमने शिशाची धूळ निघत नाही, उलट फिल्टरमधून बाहेर पडून घरभर पसरते, हे त्याने तोवर वाचलं होतं; सफाई झाल्यानंतर रात्री, उशिरा सुचलेल्या शहाणपणाने. "थांब" म्हटलं असतं तर "का?" आलं असतं. तो थांब म्हणाला नाही. खोलीत गेला आणि बेडवर बसून राहिला, आवाज बंद होईपर्यंत.

मालिनीताईंनी दूर रेडमंडला राहणाऱ्या मिहीरला, म्हणजे मुलाला, फोन केला आणि तिकडे जायचं ठरवलं. शैलेंद्र त्यांना विमानतळावर सोडायला गेला. बॅग उतरवून घेताना त्या म्हणाल्या, "तू एकटाच बोलला नाहीस रे मला काही. सीमाचंही बरोबर आहे, आई आहे ती. पण तू सांभाळून घेतलंस."

आताच, त्याला वाटलं. आता नाही तर कधीच नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला. "आई, जपून जा," तो म्हणाला.

पुढच्या तपासणीला दोघंही इलाला घेऊन गेले. हळदीचा निकाल आदल्या दिवशीच आला होता: हळद स्वच्छ. कुंकूही. वाटीही. सीमा बावरली होती, "मग काय असेल?" एवढंच परत परत म्हणत होती. डॉक्टरांनी स्क्रीन बघितली आणि खुर्ची पुढे ओढली. आकडा उतरण्याऐवजी वाढला होता.

"म्हणजे स्रोत अजून घरातच आहे," त्या म्हणाल्या. "आणि मधल्या काळात काहीतरी झालंय, ज्याने तो ढवळला गेलाय."

शैलेंद्रने सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, आणि इंग्रजीत सांगणं त्याला सोपं गेलं, जणू कंपनीत एखाद्या बिघाडाचा अहवाल द्यावा तसं: खोली, यंत्र, धूळ, हूडी, व्हॅक्यूम. डॉक्टर लिहीत होत्या. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं. सीमाने मान वर केली नाही. ती इलाला मोजे घालत होती; एक मोजा घालून झाल्यावर तिने तोच पुन्हा काढला आणि पुन्हा घातला.

गाडीत बसल्यावर सीमाने इलाची पिशवी पायाशी ठेवली. मग म्हणाली, "व्हॅक्यूम कुठला? आपलाच?"

"हो."

"दुसऱ्या दिवशी मी वर लावला होता."

"हो. मी बघत होतो."

"गाडी थांबव."

त्याने एका दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी घातली. सीमा उतरली, मागचं दार उघडून इलाच्या सीटशेजारी जाऊन बसली आणि पट्टा लावला. "चल," ती म्हणाली. घर येईपर्यंत आरशात तिने त्याला एकदाही डोळे मिळू दिले नाहीत.

त्यानंतरचे दिवस त्यांनी एका मोटेलमध्ये काढले. पांढरे सूट घातलेली माणसं येऊन घर धुऊन गेली, कार्पेटं उखडली, सोफा नेला. खोलीतलं सामान नेण्यासाठी रॉन आला. तो रागावेल, असं शैलेंद्रला वाटलं होतं. रागावला नाही. फळीवरच्या आकृत्या बघत तो थोडा वेळ उभा राहिला, "मी तुला सांगितलं होतं," एवढं म्हणाला आणि प्रेस उचलून ट्रकमध्ये ठेवली.

सीमाने आईला फोन केला नाही. "ते तू सांगायचंस," ती म्हणाली. "फोनवर नाही. जाऊन सांग."

रेडमंडमध्ये पाऊस होता. मिहीर आणि त्याची बायको नीना कामावर गेले होते आणि मालिनीताईंनी दार उघडलं. "अरे, तू? इला बरी आहे ना?" त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"बरी आहे. बसा, आई."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ते बसले. आता मराठीत सांगायचं होतं आणि मराठीत त्याच्याकडे अहवालाची भाषा नव्हती. "तुमच्या हळदीत काही नव्हतं, आई," तो म्हणाला. "माझ्या खोलीतलं होतं. माझ्या कपड्यांवरून गेलं तिच्या तोंडात. मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं."

मालिनीताई ऐकत राहिल्या. तो अडखळत, थांबत सगळं बोलला. विमानतळावरचंही बोलला.

"सीमा मला बोलत होती," त्यांनी विचारलं, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

तुम्हाला. तो शब्द त्याच्या कानात अडकला.

"संशय होता."

"संशय." त्या टेबलावरचं घडी पडलेलं कापड हाताने सारखं करत राहिल्या. "इथे आल्यापासून मी स्वयंपाकाला हात लावलेला नाही, शैलेंद्रराव. नीना काही म्हणाली नाही. पण मीच नाही लावला. तिला मूल व्हायचंय. मला वाटलं, माझ्या हाताला काही लागलेलं असेल."

त्याने खाली मान घातली. माफी मागायचे शब्द त्याने विमानात जुळवले होते. त्यातला एकही आता तोंडी आणण्याजोगा राहिला नव्हता.

"इलाचा आकडा आता?" त्यांनी विचारलं.

"उतरतोय. हळूहळू."

"ती किती शब्द बोलते?"

"होते तेवढेच. म्हणजे, थोडे वाढलेत."

 मग त्या म्हणाल्या, "सीमाने तुमच्या त्या ग्रुपवर माझं लिहिलं होतं. मला फोन आले बायकांचे. 'काकू, तुमची पुडी टाकली हं, वाईट वाटून घेऊ नका.' त्या सगळ्यांना सांगा. लिहून नको. समोर उभं राहून."

"सांगतो."

"आणि मला इथूनच परत जायचंय. मिहीर तिकीट काढतोय." त्या उठल्या, सवयीने चहाचं भांडं घ्यायला हात पुढे केला, क्षणभर थांबल्या, आणि मग भांडं गॅसवर ठेवलं. "चहा घेऊन जा," त्या म्हणाल्या. आलं किसताना त्यांची पाठ त्याच्याकडे होती, आणि ती हलत होती.

पाडव्याला मराठी मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. जेवणाआधी शैलेंद्रने माइक मागून घेतला. हॉलमध्ये दोनेकशे माणसं होती, श्रीखंडाच्या वाट्या भरणं चालू होतं. त्याने सांगितलं, की सीमाच्या आईंनी आणलेली हळद निर्दोष होती, इलाच्या रक्तातलं शिसं त्याच्या बेसमेंटमधून आलं होतं, आणि हे माहीत असून तो गप्प बसला होता. तो बोलत असताना वाट्या भरणारे हात थांबले.  एका बाईने आपल्या मुलाला जवळ ओढलं. त्याने माइक परत दिला, आणि सांगून टाकलं की मोकळं वाटतं असं जे लोक म्हणतात, ते त्याला मुळीच वाटलं नाही.

जेवणाच्या रांगेत राज त्याच्या मागे येऊन उभा राहिला. ओळख फक्त क्रिकेटपुरती होती.

"यार, एक विचारू?" तो हळू आवाजात म्हणाला. "मी गॅरेजमध्ये फिशिंगच्या गळाला लावायची वजनं ओततो. शिसं वितळवून. त्याने पण होतं?"

"होतं. मुलाची ब्लड टेस्ट करून घे. उद्याच."

"बायकोला नको सांगूस प्लीज. आधी मी टेस्ट करून बघतो, मग..."

"आधी तिला सांग," शैलेंद्र म्हणाला. "टेस्टच्या आधी."

राज थाळी हातात धरून तसाच उभा राहिला. शैलेंद्रची नजर हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेली. गुढीच्या पाटाशी इला खाली वाकली होती. जमिनीवरून काहीतरी पांढरं उचलून तिने तोंडात टाकलं. तो थाळी तिथेच टेकवून खुर्च्यांमधून वाट काढत धावला. तो पोहोचला तेव्हा सीमा आधीच गुडघ्यावर बसली होती, इलाचं तोंड बोटाने उघडून बघत होती.

"काय आहे?" त्याने विचारलं. "काय खाल्लं तिने?"

"गाठीतला तुकडा," सीमा त्याच्याकडे न बघता म्हणाली. "साखर आहे. खाऊ दे तिला."